चौथ्या मजल्याचा छज्जा

प्रेमानंदच्या गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्रावर ‘होम सर्व्हिस इंजिनिअर’ असं छापलेलं आहे. आयटीआयला एसी-फ्रिजचं काम शिकून तो सर्व्हिस सेंटरमध्ये लागला, तेव्हा त्याच्या आईने, अंजनाबाईंनी, नागपूरच्या इंदोऱ्यातल्या अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं होतं की माझा पोट्टा इंजिनिअर झाला. लोकांच्या घरी मात्र त्याला कोणी इंजिनिअर म्हणत नाही. दार उघडणारा माणूस आत तोंड करून ओरडतो, “एसीवाला आला गा!” आणि पायपुसण्याकडे बोट दाखवतो. म्हणजे बूट इथे काढ.

बूट काढून आत जायचं आणि मग त्याच पायांनी तापलेल्या गच्चीवर चढायचं, ही या कामातली रोजची गोष्ट. प्रेमानंदने त्यावर उपाय म्हणून जुन्या सतरंजीचा एक तुकडा पिशवीत ठेवला होता. उन्हात काम असलं की तो पायाखाली टाकायचा. नागपुरात मे महिन्यात दुपारी सिमेंटवर अनवाणी उभं राहून दाखवा, म्हणजे त्या तुकड्याची किंमत कळेल.

हिवाळ्यात दिवसाला एखाददुसरा कॉल. एप्रिल लागला की फोन खिशात थरथरतच राहतो. एक काम संपायच्या आत पुढचा माणूस विचारतो, “कुठी आहात? घरात लेकरू तळमळून राहिलं न भाऊ.” आणि ते खरंही असतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की एसी बंद पडलेल्या घरातली माणसं ओळखीची नसली तरी भांडायला उठतात. एरवी कामाला जोडीने जायचा नियम. सीझनमध्ये जोडीदाराला दुसऱ्या भागात पाठवतात, नियम कागदावर राहतो आणि माणूस एकटाच छज्ज्यावर उतरतो.

त्या दिवशी सकाळी त्याला नंदनवनमधल्या एका घराचा कॉल आला. बोलणारी बाई घाईत होती.

“मी चिन्मयी बोलतेय. एसी चालू होतो आणि लगेच बंद पडतो. आजच्या आज करा प्लीज. आईला गरमी अजिबात सहन होत नाही.”

“येतो मॅडम. दुपार होईल.”

“चालेल. मी शहराबाहेर मिहानला ऑफिसमध्ये असते. आई घरी आहे, ती दार उघडेल. आणि मला फोन करू नका, दिवसभर मीटिंग आहेत. जे काय लागेल ते करून टाका.”

“हव मॅडम,” प्रेमानंद म्हणाला. अशी वाक्यं तो रोज ऐकत होता. त्यात काही खटकावं असं त्याला वाटलं नाही.

दुपारी तो पोचला तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून त्याने चौथ्या मजल्यावरची बेल दाबली. एका नीटनेटक्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात आधाराची काठी. या चिन्मयीच्या आई, चारुशीलाबाई.

“या, या. एसीसाठी ना? चिन्मयीने सांगून ठेवलंय,” त्या म्हणाल्या आणि त्याने मागायच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. अशी घरं कमी असतात. प्रेमानंदला बरं वाटलं.

“नाव काय तुमचं?”

“प्रेमानंद.”

“छान नाव. कुठल्या शाळेत होता?”

त्याने इंदोऱ्यातल्या महापालिकेच्या शाळेचं नाव सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. त्या स्वतः आयुष्यभर महापालिकेच्या शाळांमध्ये शिकवत होत्या. बेडरूमच्या भिंतीवर एक फोटो होता. रांगेत बसलेली मुलं आणि मधोमध ताठ बसलेल्या तरुणपणीच्या चारुशीलाबाई. तो दाखवून त्यांनी पुन्हा विचारलं, “नाव काय म्हणालात?”

“प्रेमानंद, आजी.” म्हातारी माणसं विसरतात, त्यात काय.

फोनची बॅटरी उन्हाने उतरली होती. तो त्याने बाईंना विचारून टेबलाजवळच्या बोर्डावर चार्जिंगला लावला आणि एसीचं झाकण काढलं. आतल्या यंत्रात दोष नव्हता. बाहेरचं यंत्र बेडरूमच्या खिडकीच्या बाजूला भिंतीवर लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेलं होतं. खिडकी सरकत्या काचेची, गज नसलेली. खाली तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर सावलीसाठी काढलेला सिमेंटचा अरुंद छज्जा. माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला तर टाचा जेमतेम आत राहतील एवढाच.

त्याने एसीचा मुख्य स्विच बंद केला. कंपनीने दिलेला पट्टा कमरेला आवळला. पट्ट्याच्या दोरीचं एक टोक पलंगाच्या लोखंडी पायाला बांधलं आणि दुसरं कमरेच्या पट्ट्यावरच्या हुकात अडकवलं. मोजे काढून ठेवले, सतरंजीचा तुकडा छज्ज्यावर टाकला आणि खिडकीतून बाहेर उतरला.

“आजी, मी बाहेर काम करून राहिलो. खिडकीला हात लावू नका बरं,” त्याने आत बघून सांगितलं.

“नाही लावत,” बाई म्हणाल्या.

बाहेर वारा असा, जणू भट्टीचं दार उघडलं आहे. समोर मोकळा प्लॉट, त्यापलीकडे अर्धवट बांधकाम. तिथले मजूर दुपारचे सावलीत झोपले असणार. यंत्राची जाळी धुळीने आणि कबुतरांच्या पिसांनी गच्च भरली होती आणि यंत्राला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर फुगला होता. म्हणजे काम मोठं नव्हतं. त्याने बाजूचा पत्रा खोलला, कपॅसिटर बदलला, ब्रश घेऊन जाळी साफ करायला लागला. पत्रा एका स्क्रूवर लटकत ठेवला होता. शेवटी दोन्ही हातांनी लावायचा म्हणून.

तेवढ्यात कमरेला हिसका बसला.

क्षणभर त्याला वाटलं, दोरी कुठेतरी अडकली. दुसरा हिसका जोरात बसला आणि त्याचा एक पाय उचलला गेला. त्याने ब्रॅकेट पकडलं. ब्रॅकेट तव्यासारखं तापलेलं, तरी सोडलं नाही. मान वळवून पाहिलं तर चारुशीलाबाई खिडकीत उभ्या राहून दोरी आत ओढत होत्या आणि कोपराभोवती व्यवस्थित गुंडाळत होत्या.

“आजी! दोरी ओढू नका! मी आहो बाहेर!”

बाईंना ऐकू आलं की नाही कोण जाणे. “दोऱ्या अशा पसरून ठेवतात का? कोणी अडखळून पडलं म्हणजे?” त्या स्वतःशीच बोलत होत्या आणि ओढत होत्या. पलंगाकडून दोरी घट्ट होती, पण मधल्या ढिलाईची वेटोळी त्यांच्या हातात जात होती आणि प्रत्येक वेटोळ्याबरोबर प्रेमानंद ब्रॅकेटपासून तिरपा होत होता.

“आजी, अवं आजी! पडन मी!”

पुढचा हिसका बसला आणि पायाखालचा सतरंजीचा तुकडा सरकला. तो खाली गेला. बराच वेळ गेल्यासारखं वाटलं, मग कुठे खाली फट्ट असा आवाज आला. आणखी एक हिसका आणि आपण त्या तुकड्याच्या मागोमाग जाऊ, हे त्याला कळलं. मग त्याने असं काही केलं जे कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. एका हाताने ब्रॅकेट धरून दुसऱ्या हाताने त्याने स्वतःच्या कमरेचा हुक सोडवला.

दोरी सळसळत आत गेली. खिडकीची काच सरकली. आतून खटका पडल्याचा आवाज आला आणि मग पडदाही ओढला गेला.

प्रेमानंद भिंतीला गाल टेकवून तसाच उभा राहिला. तळपाय भाजत होते. एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवावा तर तोल जाईल. फोन आत. पाणी आत. ब्रश केव्हाच हातातून सुटलेला, खिशात फक्त एक पाना.

त्याने काचेवर थाप मारली, आधी हळू, मग जोरात. पडदा बाजूला झाला आणि चारुशीलाबाईंचा चेहरा दिसला. थोड्या वेळापूर्वी पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या बाई या नव्हत्याच. डोळे विस्फारलेले, ओठ थरथरणारे.

“चोर!” त्या ओरडल्या. काचेतून आवाज बारीक येत होता. “चोर आला! चोर!”

“चोर नाही आजी, एसीवाला! प्रेमानंद! तुम्ही पाणी दिलं ना मले!”

त्या मागे सरकल्या. काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली. प्रेमानंदने पाना बाहेर काढला. काच फोडायची, एवढाच विचार डोक्यात होता. हात उगारला आणि थांबला. बाई काचेसमोरच उभ्या होत्या, पळून जायचंही त्यांना सुचत नव्हतं. काच फुटली की सगळी त्यांच्या अंगावर. आणि पाना पाहून त्या आणखी घाबरल्या आणि दुसऱ्या खोलीत गेल्या, तर मग या खिडकीशी परत कोण येणार होतं? संध्याकाळपर्यंत इथे उभं राहणं होणारच नाही. डोळ्यांपुढे आत्ताच काजवे चमकायला लागले होते. त्याने मनाशी ठरवलं, की अगदीच चक्कर यायला लागली तर काच फोडायची. तोवर नाही.

त्याने पाना खिशात टाकला. ओरडणं बंद केलं. समोरच्या बांधकामाकडे तोंड करून एकदा “ओ भाऊ!” अशी हाक मारली. ती वाऱ्यावरच विरली. मग तो पुन्हा काचेकडे वळला. पडद्याच्या फटीतून बाई दिसत होत्या आणि त्यांच्या मागे भिंतीवरचा तो फोटो.

त्याच्या शाळेतल्या बाईही अशाच फोटोत मधोमध बसायच्या. आठवून काही बोलावं असं त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं.

“बाई, आत येऊ का?”

चारुशीलाबाईंची मान वर झाली.

“बाई, मी आत येऊ का?” तो पुन्हा म्हणाला. हळू, शाळेत म्हणायचा तसं.

काठी खाली आली. पाठ ताठ झाली. बाई एक पाऊल पुढे आल्या.

“ही काय वेळ झाली शाळेत यायची?”

“उशीर झाला बाई.”

“काहून झाला?”

“ऊन लागून राहिलं होतं, बाई.”

“ऊन काय तुलाच लागतं? बाकीची मुलं आली ना? राहा बाहेर उभा.”

प्रेमानंदला रडू आलं. खरंच आलं. बाई त्याच्याशी बोलत होत्या, खिडकी हातभर अंतरावर होती आणि त्यांनी त्याला शिक्षा म्हणून बाहेर उभं केलं होतं.

“बाई, पाणी प्यायचं आहे.”

“आत्ताच तर सुट्टी झाली.”

“पाय पोळून राहिले बाई.”

“सतराचा पाढा म्हण. म्हटलास तर आत घेईन.”

आता हा माणूस चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर, अनवाणी, एका हाताने तापलेलं लोखंड धरून सतराचा पाढा म्हणू लागला. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. बाई बोटांवर मोजत होत्या. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक... इथे गाडी अडली. शाळेतही इथेच अडायची. डोक्यात नुसता उन्हाचा आवाज भरला होता.

“सतरा सक शंभर,” तो म्हणाला.

“शंभर?” बाईंचा आवाज चढला. “हात पुढे कर!”

प्रेमानंदला सेकंदभर काही समजलं नाही. मग समजलं.

“खिडकी बंद आहे बाई. हात कसा पुढे करू?”

बाईंनी काचेकडे पाहिलं. त्यांच्या बोटांनी खटका चाचपला. उलटा दाबला, परत दाबला. खटका सुटला आणि काच वीतभर सरकली. त्याने लगेच डावा हात आत घातला.

काठीचा पहिला फटका बोटांच्या सांध्यांवर बसला. दुसरा मनगटावर. म्हाताऱ्या हाताचा फटका इतका लागेल असं वाटलं नव्हतं. त्याने हात काढला नाही. उलट बोटांनी काच आणखी सरकवायला गेला, आणि तिथेच चुकलं. एक परका, काळवंडलेला, ग्रीस लागलेला हात घरात शिरतोय, हे पाहून बाई पुन्हा दचकल्या. वर्ग गेला, शाळा गेली. त्या किंचाळल्या आणि अंगातला सगळा जोर लावून त्यांनी काच लोटली.

अॅल्युमिनियमची चौकट त्याच्या बोटांवर बसली. काहीतरी कट्कन वाजलं. बाई काच दाबून धरून उभ्या होत्या. हात ओढून घ्यावा असं त्याच्या शरीरातला प्रत्येक स्नायू सांगत होता. पण हात निघाला की खिडकी बंद होणार, आणि ती परत उघडायला लावण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि हात तसाच ठेवला.

रक्ताची धार चौकटीवरून आत ओघळली. पांढऱ्या फरशीवर टपकली.

काचेवरचा दाब कमी झाला. त्याने डोळे उघडले. बाई त्या रक्ताकडे बघत होत्या.

“अगबाई,” त्या म्हणाल्या. “लागलं का रे? पाहू. पाहू दे मला.” आणि त्यांनी स्वतः काच पूर्ण उघडली. “रडू नको. ये, आत ये बाळ. औषध लावू.”

प्रेमानंद खिडकीच्या कट्ट्यावरून अक्षरशः आत पडला. फरशी गार नव्हती, तरी गार लागली. कितीतरी वेळ तो तसाच पालथा पडून होता. बाई त्याच्या बोटांवर फुंकर मारत होत्या. मग “हळद आणते” म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि परत आल्याच नाहीत.

तो कसाबसा उठला, तांब्यातलं पाणी प्यायला, हाताला दुपट्टा गुंडाळला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. चारुशीलाबाई ओट्याजवळ उभ्या होत्या. त्याला पाहून त्या सभ्यपणे हसल्या.

“आपण कोण?”

“एसीवाला, आजी.”

“हो का? बसा ना. चिन्मयी येईलच.”

फोनवर सुपरवायझरचे आणि पुढच्या ग्राहकाचे कॉल येऊन गेले होते. प्रेमानंदने आधी चिन्मयीला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मग मेसेज टाकला, “आईसाठी लगेच घरी या.” तेवढ्यात सुपरवायझरचाच फोन आला.

“कुठे आहेस तू? पुढची पार्टी शिव्या देऊन राहिली. कॉल क्लोज कर आणि निघ.”

“सर, मी निघू शकत नाही. म्हातारी एकटी आहे, तिले काही समजून नाही राहिलं. मले लागलं पण आहे.”

“तुझा काय संबंध? घरच्यांना कळव आणि निघ. उद्या त्या घरात काही झालं तर पोलिस तुलाच विचारतील, समजलं का?”

हे त्याच्याही मनात आलं होतंच. एकटी म्हातारी, फरशीवर रक्त, घरात परका माणूस. बाहेर पडावं, दार ओढून घ्यावं, बाईकला किक मारावी. कोणी दोष दिला नसता. पण खिडकी उघडी होती, एसी बंद होता, आणि बाई घामाने भिजून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना मधेच भीती वाटायची, मधेच विसर पडायचा. एकदा त्या रडायलाही लागल्या. प्रेमानंदने टॉवेल ओला करून त्यांच्या खांद्यावर ठेवला, पाण्यात साखर-मीठ घालून दिलं आणि स्वतः दाराजवळ, दार सताड उघडं ठेवून, फरशीवर बसून राहिला. उघड्या दारात बसलेला माणूस निदान लपवत तरी काही नाही, असं त्याला वाटलं.

चिन्मयी धापा टाकत आली. तिने आधी आईचा रडवेला चेहरा पाहिला, मग फरशीवरचं रक्त.

“काय झालं? काय केलंत तुम्ही आईला?”

“मॅडम, मी काही...”

“याने मला ढकललं,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “खिडकीतून आला. चोर आहे.”

छज्ज्यावर वाटली नव्हती एवढी भीती प्रेमानंदला त्या एका वाक्याने वाटली. चिन्मयीने आता पोलिसांना एक फोन केला की संपलं. नोकरी गेली, आणि नोकरी ही त्यातली छोटी गोष्ट. त्याने काही न बोलता दुपट्टा सोडला आणि हात पुढे धरला. दोन बोटं काळी-निळी होऊन टम्म फुगली होती आणि त्यांच्यावर चौकटीची रेघ उमटली होती.

चिन्मयीने हाताकडे पाहिलं. मग ती बेडरूममध्ये गेली. पलंगावर दोरीची नीट वळलेली गुंडाळी पडलेली होती. काचेवर बाहेरच्या बाजूने तळव्यांचे ठसे होते. तिने खिडकीचा खटका एकदा लावून पाहिला. परत आली तेव्हा चेहऱ्यावरचा राग गेलेला होता.

“तुम्ही बाहेर असताना तिने खिडकी लावली,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हताच.

“हव.”

“मागच्या महिन्यात पार्वतीबाईंना बाल्कनीत कोंडलं होतं. आमच्याकडे कामाला यायच्या त्या. त्या दिवसापासून आल्याच नाहीत.”

प्रेमानंदला ते पुरतं कळायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे तुम्हाले माहीत होतं?”

ती आईच्या खांद्यावरचा ओला टॉवेल नीट करू लागली.

“तुम्हाले माहीत होतं आणि तुम्ही मले सांगितलं नाही? आई दार उघडन, एवढंच सांगितलं. मी तिथं मरून राहिलो होतो मॅडम. माझ्या घरी बायको आहे, म्हातारी माय आहे.” ग्राहकाशी तो आजवर इतक्या जोरात बोलला नव्हता.

“सांगितलं असतं तर आला असता का तुम्ही?” चिन्मयी म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. “कोणीच येत नाही. खरं सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून माणूस येत नाही. नोकरी सोडली तर घर चालत नाही, आणि कामावर गेलं तर हे असं.”

“आलो असतो,” प्रेमानंद म्हणाला. “फोन खिशात ठेवून आलो असतो. तुम्ही येईपर्यंत छज्ज्यावर उतरलो नसतो. बस, एवढंच.”

चारुशीलाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

चिन्मयीने बर्फ आणला, बोटांना पट्टी बांधली आणि म्हणाली, “दवाखान्यात जा आता. एसीचं मी दुसऱ्या कोणाकडून बघते.”

तो निघणारही होता. पण बाहेर वाऱ्याने पत्रा खडखडला. एका स्क्रूवर लटकवलेला पत्रा. संध्याकाळी खालच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पोरं खेळायला येतात, हे त्याला येताना तिथे रोवलेल्या क्रिकेटच्या स्टंपांवरून कळलं होतं. तो स्क्रू निघाला तर पत्रा चौथ्या मजल्यावरून कोणाच्या डोक्यावर पडेल हे सांगता येत नव्हतं. त्याने कपाळाला हात लावला. मग दोरी उचलली.

“मॅडम, तुम्ही इथं बसा. या पलंगावर. दोरी धरून. मी आत येईपर्यंत उठायचं नाही, फोन आला तरी नाही.”

“तुमचा हात...”

“एका हाताने होते ते.”

त्याने खिडकीत पाय टाकला. मघाशी कसं उतरलो, याची आठवण शरीराला होती. तो चौकट धरून तसाच थांबला. उतरलाच नसता, तर कोणी काही म्हटलं नसतं. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं, खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि उतरला. पत्रा छातीने दाबून धरला आणि उजव्या हाताने एकेक स्क्रू आवळला. प्रत्येक स्क्रूनंतर तो विचारायचा, “मॅडम, आहे ना?” आणि आतून उत्तर यायचं, “आहे.” चिन्मयीने दोरी मुठीला दोनदा गुंडाळून घेतली होती. तिच्या बाजूला आई बसली होती आणि मुलीचा पदर धरून विचारत होती, बाहेर कोण आहे म्हणून. चिन्मयी दर वेळी सांगत होती, “प्रेमानंद आहेत आई. एसीचं काम करतायत.”

एसी सुरू झाला. गार वारा आला तशा चारुशीलाबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि झोपल्या.

एक्स-रेत दोन बोटांची हाडं मोडलेली निघाली. सर्व्हिस सेंटरला त्याने पट्टी दाखवली, तेव्हा सुपरवायझर आधी ओरडला आणि मग गप्प झाला, कारण चिन्मयीने त्याला स्वतः फोन करून चूक आपली होती असं सांगितलं होतं. एवढं झालं तरी सीझन हातचा गेला, हे काही तिच्या फोनने टळलं नाही.

घरी त्या संध्याकाळी रोशनीने, त्याच्या बायकोने, पट्टी पाहून विचारलं. तोवर त्याने तिला कामाचं कधीच काही नीट सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, हा दिवसभर लोकांच्या गार खोल्यांमध्ये बसून असतो. त्याने सगळं सांगितलं. दोरीचं, पाढ्याचं, बोटांचं. पाढ्याशी आल्यावर अंजनाबाई आतून हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या. रोशनी हसली नाही.

“उद्यापासून जाऊ नको,” ती म्हणाली.

“मग काय करू?”

ती भाकरी टाकायला उठली.

हाताचं प्लॅस्टर निघालं तेव्हा पावसाळा लागून गेला होता आणि कॉल कमी झाले होते. प्रेमानंद परत कामाला लागला. आता निघण्याआधी तो प्रत्येक ग्राहकाला फोन करून विचारतो, की घरात कोण आहे, एकटं म्हातारं माणूस आहे का, कोणाला काही विसरायचा आजार आहे का. बहुतेक जण सरळ उत्तर देतात. काही भडकतात. प्रतापनगरच्या एका माणसाने तर तक्रारच केली, की तुमचा इंजिनिअर घरात कोण आहे याची चौकशी करतो, चोऱ्या करायचा विचार आहे का? सुपरवायझरने बोलावून झापलं. प्रेमानंदने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईकजवळ उभं राहून त्याने पहिला फोन लावला आणि विचारलं, “नमस्कार, एसीसाठी येऊन राहिलो. घरी कोण कोण आहे, सांगता का?”